शेवटच्या दारापर्यंत

९ जानेवारी

ताई,

आधी बातमी, मग खुशाली. मालकांनी मला पूर्ण चित्रपट दिलाय. पूर्ण! पहिल्या दृश्यापासून शेवटच्या दारापर्यंत, एकट्याला.

दारापर्यंत असं का म्हणतोय ते सांगतो. आमच्या लेखकांच्या खोलीत चार टेबलं आणि एक पंखा आहे. पंख्याखाली रडवणारे बसतात. आई वारली, मूल हरवलं की कागद त्यांच्याकडे. त्यांच्या शेजारी विनोदवाले, ते स्वतः कधी हसलेले मी पाहिले नाहीत. खिडकीपाशी कोर्टवाले, त्यांच्याशी चहाबद्दल बोललं तरी पुरावा मागतात. आणि दाराशी मी. मी दारं लिहितो. आत येताना माणूस काय म्हणतो, उठून जाताना काय म्हणतो, एवढंच माझं काम. "अरे, तुम्ही?" "बरं, येतो." "या घरात पुन्हा पाऊल ठेवणार नाही." सगळा स्टुडिओ मला दारवाला म्हणतो. पडद्यावर चौघांची नावं एकाच ओळीत येतात आणि लोक खुर्च्या शोधत असतात तोवर जातात.

काल मालकांनी बोलावलं. म्हणाले, "दारं बरी लिहितोस. आता घर बांधून दाखव." चित्रपट जमला तर माझं टेबल खिडकीपाशी आणि पडद्यावर एकट्याचं नाव. नाही जमला तर पुन्हा दाराशी, तेही ठेवलं तर.

बाहेर आलो आणि ताई, तुझं स्टूल डोळ्यांपुढे आलं. सिनेमा मुका होता तेव्हा पडद्याशेजारच्या त्या स्टुलावर उभी राहून तू पडद्यावर मधेमधे येणारी मजकुराची कार्डं वाचायचीस. अर्ध्या थेटराला वाचता येत नव्हतं, त्यांचे कान तुझ्याकडे. मी तुझ्या पायाशी बसून "मग? मग?" करायचो आणि तू न बघता चापट मारायचीस. तेव्हापासून मी मग्या.

जहाजाचा सिनेमा आठवतो? मला नुकतं वाचता यायला लागलं होतं. कार्डावर लिहिलं होतं, "जहाज बुडालं. कोणीही वाचलं नाही." आणि तू खणखणीत आवाजात वाचलंस, "जहाज बुडालं. एकटा एक तरुण पोहत किनाऱ्याला लागला." मी तुझी बाही ओढली. तू वाकून म्हणालीस, "गप्प बस. समोर न्हावीकाका बसलेत." त्यांचा मुलगा तेव्हा जहाजावर होता आणि कित्येक महिने त्याची खबर नव्हती. लिहिलेलं असतं ते समोर बसलेल्या माणसासाठी, हे मी त्या दिवशी शिकलो. आज जे काही मला येतं ते त्या स्टुलाखालचं आहे.

नंतर सिनेमा बोलायला लागला, तुझं काम गेलं, आणि त्याच बोलण्यावर माझं पोट चालतं. तू कधी बोलून दाखवलं नाहीस, म्हणून तर मी ते विसरत नाही.

पानं होतील तशी पाठवतो. लाल पेन्सिल घेऊन बस. नेहमीसारखं निर्दयपणे काप.

तुझा
मग्या


२१ जानेवारी

मग्या,

अक्षर बघून दचकू नकोस, मी धडधाकट आहे. पायरीवरून घसरले आणि उजवं मनगट दुखावलं, म्हणून वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई लिहून घेताहेत. त्या शाळेत शुद्धलेखन शिकवतात. माझ्या पत्रातल्या चुका काढून हसायची तुझी सोय गेली. (चुका पुष्कळ होत्या. – मास्तरीण)

बघितलंस? मी म्हटलं, मी बोलेन तेवढंच लिहा. तर म्हणतात, हात माझा आहे.

तुझी बातमी ऐकून मी दुकान उघडं टाकून न्हावीकाकांकडे गेले. त्यांनी गिऱ्हाइकाच्या गालावर साबण तसाच ठेवला आणि रस्त्यावर येऊन पाववाल्याला हाक मारली. पाववाल्याला कळलं म्हणजे गावाला कळलं. साबण वाळून गिऱ्हाईक ओरडायला लागलं तेव्हा काका आत गेले.

आता त्या स्टुलाचं. तू उगाच ते उरावर घेऊन फिरतोयस. माझा घसा रोज बसायचा, आठवतं ना? मागच्या रांगेतून "मोठ्यानं!" आणि पुढच्या रांगेतून "हळू!" लोकरीचं दुकान बरं. लोकर ओरडत नाही. सिनेमा बोलायला लागला तेव्हा मला पहिला आनंद झाला तो हा, की आता आमच्या मग्याला काम मिळेल. दुसरा असा की आता आपल्यालाही सगळ्यांसारखं खुर्चीत बसून बघता येईल. उभ्यानं बघितलेल्या सिनेमात पाय दुखतात हेच जास्त लक्षात राहतं.

पानं पाठव. सोबत मफलर पाठवतेय, राखाडी, तुला आवडतो तसा. स्टुडिओत गारठा असतो म्हणालास ना.

ताई


५ फेब्रुवारी

ताई,

मफलर मिळाला. इतका ऊबदार आहे की मी तो जेवतानाही काढत नाही. एकच विचारतो, अर्धा राखाडी आणि अर्धा विटकरी, ही तिकडची नवी फॅशन का? विनोदवाले आयुष्यात पहिल्यांदा हसले. आणि मनगट दुखावलेलं असताना विणलास कसा? तुझं काही खरं नाही.

गोष्ट ठरली. नदीकाठी एक बाई होडी चालवते. आईबाप नाहीत, धाकटा भाऊ आहे. त्याला ती शिकवते, मोठा करते आणि एक दिवस नदीपलीकडे धाडते. स्वतः अलीकडेच राहते. तू म्हणशील, ही होडी कुठून आली, आपण तर लोकरीवाले. होडी पडद्यावर शोभते गं, लोकर नाही शोभत.

दिग्दर्शक मूकपटाच्या काळातले आहेत. स्टुडिओत त्यांना मौनी म्हणतात. गोष्ट ऐकवली तेव्हा शेवटपर्यंत शब्द नाही. शेवटी उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि निघून गेले. मी मालकांना विचारलं, म्हणजे आवडली की नाही? मालक म्हणाले, "हात ठेवला ना? मग उड्या मार."

पहिली दोन दृश्यं पाठवतोय.

मग्या


१६ फेब्रुवारी

मग्या,

राखाडी लोकर संपत आली होती आणि विटकरी पडून होती. वाया का घालवू? दुरंगी मफलर हल्ली सगळेच घालतात, तुमच्या विनोदवाल्यांना काय कळतंय. आणि विणला होता मनगट दुखावायच्या आधी. झालं समाधान? कोर्टवाल्यांच्या शेजारी बसून तूही उलटतपासणी घ्यायला लागलास.

दोन्ही दृश्यं फार आवडली. भाऊ पहिल्यांदा वल्हं हातात घेतो आणि होडी गोल गोल फिरते, तिथं मी मोठ्यानं हसले. "तू तिला पाण्यात फिरवतोयस की वरात काढतोयस?" हे वाक्य माझंच आहे, सायकल शिकवताना म्हटलेलं. चोर कुठला. पुढचं पाठव.

ताई

(हे खाली लिहितेय ते ताईंना वाचून दाखवलेलं नाही. मनगटाला काहीही झालेलं नाही. त्यांची नजर गेली आहे. गेलं वर्षभर कमी होत होती, थंडी सुरू झाल्यापासून फक्त उजेड आणि अंधार कळतो. मोठ्या डॉक्टरांना दाखवलं, उपाय नाही म्हणाले. तुम्हाला कळवायचं नाही अशी मला शपथ घातली आहे. तुमची मफलरची ओळ वाचली तेव्हा त्यांनी हातातली लोकर खाली ठेवली. मग मला विचारलं, "कोणते दोन रंग?" मी सांगितले. मग त्यांनी वरचं सगळं लिहायला सांगितलं. मी आयुष्यभर मुलांना खरं लिहा म्हणून सांगत आले. माझ्या अक्षरात खोटं राहायला नको. दुकान नीट चाललं आहे, लोकर त्या आता बोटांनी ओळखतात, रंग मी सांगते. काळजी करा, पण धावत येऊ नका. तुम्ही काम सोडून याल हीच त्यांची भीती आहे. – मास्तरीण)


२४ फेब्रुवारी

मास्तरीणबाई,

हे पत्र तुमच्या शाळेच्या पत्त्यावर पाठवतोय, म्हणजे ताईच्या हाती लागणार नाही.

तुमची ओळ वाचली तेव्हा मी खोलीत होतो आणि रडवणाऱ्यांनी माझ्याकडे बघून लिहिणं थांबवलं. मफलरवर मी विनोद केला. तो माझ्या गळ्यात आहे आणि मला ते शब्द परत घेता येत नाहीत.

तुमचे उपकार कसे फेडू? तुम्ही तिला माझी पानं वाचून दाखवता, तिची पत्रं लिहिता, रंग सांगता, आणि मला ही गोष्ट खरी कळवलीत. आमच्या घरचं कुणी केलं नसतं एवढं तुम्ही करताय.

मी धावत येणार नाही. तिला लपवायचं आहे तर लपवू दे, मी काही बोलणार नाही. पण मी काय करणार आहे ते सांगतो. माझा सिनेमा डोळे मिटून बसलं तरी पहिल्यापासून शेवटपर्यंत कळेल असा लिहिणार आहे. ताई थेटरात बसेल आणि तिला कुणाला काही विचारावं लागणार नाही. तिनं अर्ध्या गावाला वाचून दाखवलं. तिच्यासाठी एवढं तर मी करू शकतो.

आपला कृतज्ञ,
दारवाला


२ एप्रिल

ताई,

सगळी पानं पाठवतोय, शेवटासकट. तुझा पाठिंबा हवा आहे, कारण इथं माझं आणि मौनींचं वाजलंय.

शेवटचं दृश्य असं आहे. भाऊ होडीतून निघालाय, दुसरा नावाडी होडी नेतोय. बाई काठावर कंदील घेऊन उभी. ती म्हणते, "निघाली होडी. आता वाळूच्या बेटापाशी पोचली. आता नुसता ठिपका दिसतोय. आता तोही नाही. चला, कंदील खाली करते. घरात जाते. दार लावून घेते." आणि दार लागतं.

मौनींनी पान वाचलं आणि चक्क बोलले. म्हणाले, "ही बाई बातम्या देतेय का?" मी म्हटलं, शब्द बदलणार नाही. ते म्हणाले, एकही शब्द नको. तिनं होडी जाताना बघायचं, कंदील खाली करायचा, घराकडे चालत जायचं, मागे वळायचं नाही, दार लावायचं. बस. मी म्हटलं, बघणाऱ्याला कळलं नाही तर? ते म्हणाले, "डोळे आहेत ना लोकांना?"

त्यावर माझा तोल गेला. काय काय बोललो ते लिहीत नाही. मालकांपर्यंत गेलं. महिनाअखेरपर्यंत मी ऐकलं नाही तर चित्रपट कोर्टवाल्यांकडे जाणार आणि माझं टेबलही. जाऊ दे. मी मागे हटणार नाही. तूच शिकवलंस, समोर बसलेल्या माणसासाठी लिहायचं. तू फक्त एवढं लिही की मी बरोबर आहे.

मग्या


११ एप्रिल

मग्या,

तू बरोबर नाहीस.

मास्तरीणबाईंनी सगळी पानं दोनदा वाचून दाखव... म्हणजे मी वाचली आणि त्यांनीही वाचली. सुरुवातीची दोन दृश्यं अजून तशीच गोड आहेत. पण पुढे तुझ्या माणसांना झालंय काय? दार वाजलं की एकजण म्हणतो, "दार वाजलं वाटतं." पाऊस आला की, "पाऊस आला बरं का." बहीण भावाला चहा देते तर म्हणते, "हा घे चहा, निळ्या कपात, तुझ्या उजव्या हाताला." अरे, तो काय पाहुणा आहे का स्वतःच्या घरात? होडी उलटते तेव्हा बुडणारा माणूस गटांगळ्या खाता खाता सांगतो की होडी उलटली. मी असते तर त्याला आधी पोहायला सांगितलं असतं.

तू असा लिहीत नाहीस. तुला एवढ्याएवढ्याशा वाक्यात माणूस उभा करता येतो. हे कुणीतरी घाबरलेल्यानं लिहिलंय. जिथं पडद्यावर दिसतंय तिथं बोलायचं कशाला?

शेवटाबद्दल तुझे मौनी शंभर टक्के बरोबर आहेत. एक शब्द नको. लाल पेन्सिल फिरवली आहे, बघ. (पेन्सिल मी फिरवली, त्यांनी सांगितलं तिथं. – मास्तरीण) त्यांची माफी माग आणि काम हातचं घालवू नकोस. तू दारवाला आहेस ना? मग दार नुसतं लागू दे.

आणि एक सांग. समोर बसलेल्यासाठी लिहितोस म्हणतोस. कोण बसलंय समोर? कुणासाठी लिहितोयस हे?

ताई


१८ एप्रिल

ताई,

तुझ्यासाठी.

आता ऐकून घे. मला माहीत आहे. कसं ते विचारू नकोस, मफलरनं सांगितलं असं समज. तुला दिसत नाही आणि तू मला मनगटाच्या गोष्टी सांगतेस. मी तुझा सख्खा भाऊ, आणि मी त्या मफलरवर हसलो.

निळा कप तुझ्यासाठी आहे. दार वाजलं ते तुझ्यासाठी. पाऊस तुझ्यासाठी. शेवटचं सगळं बोलणं तुझ्यासाठी. थेटर भरलेलं असेल, सगळे बघत असतील आणि माझी ताई, जिनं सगळ्यांना सिनेमा वाचून दाखवला, ती अंधारात नुसती बसून असेल आणि माझा शेवट तिच्या वाटेला येणार नाही. असा सिनेमा मला लिहायचाच नाही. कोर्टवाले लिहू देत.

मग्या


२७ एप्रिल

मग्या,

मफलर बोलतो हे मला माहीत नव्हतं. (मी सांगितलं होतं. – मास्तरीण) आत्ता कळलं मला. बघते यांच्याकडे नंतर. बघते म्हणजे काय ते समजून घे.

तुझं पत्र मी तीनदा वाचून घेतलं. तिसऱ्यांदा यांचाच आवाज बसला. मला आयुष्यात कुणी एवढं दिलं नाही रे. माणसं माणसाला आधारासाठी हात देतात, तू माझ्यासाठी अख्खा सिनेमा वाकवलास. मला सांगता येत नाही मला काय वाटलं. नुसतं एवढंच म्हणते, की ते सगळं मला पोचलं. पोचलं, मिळालं, मी ठेवून घेतलं. आता ते कागदावरून काढून टाक.

जहाजाचं कार्ड मी बदललं, खरं आहे. पण त्या एका खेळापुरतं, एका माणसासाठी, तोंडानं. कार्ड तसंच राहिलं. दुसऱ्या गावात ते कुणी जसंच्या तसं वाचलं असेल. तू कार्डच खोडतोयस, आणि सगळ्या गावांसाठी.

अजून एक, जे तुला कधी सांगितलं नाही. तू पहिल्यांदा शहरात निघालास त्या दिवशी मी काय बोलले? काही नाही. आपल्या दारासमोरून गाडी सुटली आणि मी तडक घरात जाऊन दार लावून घेतलं. वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर हाक मारली असती, आणि हाक मारली असती तर तू उतरला असतास. नंतर मात्र कितीदा वाटलं, एकदा बघायला हवं होतं. पोरगं मागे बघत असेल आणि त्याला नुसतं बंद दार दिसलं असेल. तुझ्या मौनींना हे कुणी सांगितलं कोण जाणे. पण शेवट तसाच होता, मग्या. आपला खरा शेवट तसाच होता. तो तसाच ठेव.

आणि अंधारात बसायची मला सवय आहे. थेटरात सगळेच अंधारात बसतात.

मौनींकडे जा. आज जा.

ताई


१० सप्टेंबर

ताई,

मे महिन्यात आलो तेव्हा पावलांच्या आवाजावरून दारातच तू म्हणालीस, "बूट झिजलेत तुझे." चार वर्षांनी भेटलेल्या भावाला! इथं येऊन राहा म्हणून मी हात जोडले, तर तू मलाच लोकर गुंडाळायला बसवलंस. ते आठवलं की हसू येतं. तुला तुझं दुकान, तुझा रस्ता आणि तुझ्या मास्तरीणबाई हव्यात. बरं. हरलो.

चित्रपट तयार झाला. मालकांनी बघितला आणि माझं टेबल स्वतः उचलून खिडकीपाशी नेलं. म्हणजे उचलायला दोन माणसं होती, पण एक पाय मालकांनी धरला. पडद्यावर माझं नाव एकटं येतं, लोक बसल्यावर.

शेवट मौनींचा आहे. कागदावर मीच लिहिलं, माझ्या हातानं: "वळत नाही. दार लागतं." चित्रीकरणाच्या दिवशी मी तिथं होतो. बाई कंदील खाली करून घराकडे गेली आणि दार लागलं, तेव्हा मौनी माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी हळूच विचारलं, "कोण होतं ते, ज्याच्यासाठी तू एवढा भांडत होतास?" मी सांगितलं.  त्यांचा हात माझ्या खांद्यावर बराच वेळ होता.

आणि हो, त्या दिवशी गाडीतून मी मागे बघत होतो. बंद दार बघितलं. मला तेव्हाच कळलं होतं, त्या दारामागे तू उभी आहेस.

पुढच्या महिन्यात चित्रपट तुमच्या थेटरात लागतोय. नव्या चित्रपटात अडकलोय, येता येत नाही, जीव तिकडे लागलाय. शेवटच्या दृश्यात नदीच्या आवाजाशिवाय काही नाही. मास्तरीणबाई कानात सांगतील. मग मला सगळं कळव. सगळं.

तुझा
मग्या


१९ ऑक्टोबर

मग्या,

सिनेमा बघितला. कसा बघितला ते सांगते.

थेटर गच्च. थेटरच्या मालकांनी अडगळीतून ते स्टूल काढून पडद्याशेजारी ठेवलं होतं, रिकामंच, शोभेला म्हणून. मी तिसऱ्या रांगेत, शेजारी मास्तरीणबाई. तुझं नाव आलं तेव्हा त्यांनी ते वर्गात हजेरी घेतात तसं मोठ्यानं वाचलं आणि मागून पाववाला ओरडला, "हजर!" मला रडू आवरेना आणि हसूही.

सिनेमा मला सगळा कळला. तू बोलणं कमी केलंस ते फार बरं केलंस. वल्ह्याच्या आवाजावरून मला होडी कुठे आहे ते कळत होतं. कप ठेवला तेव्हा आवाज आला, आणि तो निळा होता हे मला माहीतच होतं.

मग शेवट. वाजंत्री थांबली, बोलणं थांबलं, नुसतं पाणी. मी म्हटलं, झालं, हेच ते. आता होडी निघाली असेल. मास्तरीणबाई माझ्या कानाशी वाकल्या. तेवढ्यात मागून न्हावीकाका उभे राहिले आणि भर थेटरात म्हणाले, "ताई, होडी निघाली."

कुणीतरी "शू" केलं. लगेच दुसरं कुणीतरी त्या शू करणाऱ्यालाच म्हणालं, "तू गप्प बस, ताई आहे." आणि मग काय विचारतोस. पाववाला म्हणाला, "कंदील आहे तिच्या हातात, डाव्या." त्याची बायको म्हणाली, "उजव्या!" "पडद्याचा उजवा की आपला उजवा?" "बाईचा उजवा हो!" "होडी बेटापाशी पोचली, ताई." "ठिपका झाला." "आता दिसत नाही." "कंदील खाली केला." ज्यांना मी कार्डं वाचून दाखवली ते सगळे, म्हातारे झालेले, आणि ज्यांना मी ओळखतही नाही अशी त्यांची पोरं. चहूबाजूंनी मला सांगत होते. मी खुर्चीत बसून होते आणि सगळं थेटर माझ्यासाठी स्टुलावर उभं होतं.

मग सगळे शांत झाले. काका एकटे बोलत होते. "चालली घराकडे. दारापाशी पोचली. थांबली. वळली, ताई. वळून बघतेय नदीकडे. बघतेय... बघतेय... आता गेली आत. लावलं दार."

दाराचा आवाज मला ऐकू आला.

कंदिलाच्या हातावरून भांडणारे सगळे तिथंच होते. कुणी काकांना खोडलं नाही.

घरी जाताना काका आमच्याबरोबर चालत आले. वाटेत म्हणाले, "ताई, एक सांगायचं राहून गेलंय. माझा मुलगा परत आला तेव्हा वाचायला शिकून आला होता. परगावी त्यानं तो जहाजाचा सिनेमा बघितला. मला म्हणाला, बाबा, त्यात कोणीच वाचत नाही. मी त्याला म्हटलं, आमच्या थेटरात एकजण वाचतो." एवढंच बोलले आणि त्यांच्या गल्लीत वळले. मी तिथंच उभी राहिले. इतकी वर्षं त्या माणसाला माहीत होतं, आणि इतकी वर्षं तो मला वाकून नमस्कार का करतो हे मला कळत नव्हतं.

मग्या, मला फसवणं सोपं नाही. काकांचा तो आवाज मी ओळखला. एके काळी मीच तो काढला होता. तू कागदावर काय लिहिलंस तेही मला माहीत आहे, तूच कळवलंस. तरी तू एक कर. चित्रीकरणाच्या दिवशी ती बाई चुकून वळली का, मौनींनी ऐन वेळी काही बदललं का, हे तपासून मला कळवू नकोस. त्या दिवशी मी वळले नव्हते ते मनाला लागून राहिलं होतं. काल सगळ्यांनी मिळून मला एकदा वळून बघू दिलं. मी बघितलं. तू गाडीत होतास, मफलर नव्हता गळ्यात.

थंडी पडायला लागली आहे. नवा मफलर विणतेय. रंग दोनच असतील, या वेळी मुद्दाम. पानं पाठव.

ताई

(ताईंनी मला विचारलं, तुम्ही तर पडदा बघत होता, तुम्ही कशा काही बोलला नाहीत? मी सांगितलं, नेमकी त्या वेळी मी चष्मा पुसत होते. – मास्तरीण)